तीन किलो सातशे ग्रॅम

काट्यावर एकोणीस पूर्णांक तीन दिसत होतं. काल संध्याकाळी बरोबर तेवीस होतं. बॅग तीच, काटा तोच. मी बॅग खाली ठेवून पुन्हा उचलली. एकोणीस पूर्णांक तीन.

बाहेरचा कप्पा उघडला. अकरा दिवस डोंगर पालथे घालून जमवलेले, क्रमांक टाकून, जुन्या मोज्यांत गुंडाळलेले माझे सगळे दगड पिशवीसकट गायब होते!

भूगर्भशास्त्राच्या आम्हा सोळा जणांच्या परदेश सहलीचा आज शेवटचा दिवस. खाली विमानतळाची बस उभी होती.

"हमाल, माझे दगड—"

"माझ्या बॅगेत," तो शांतपणे म्हणाला आणि फुगलेल्या बॅगेवर बसून चेन ओढू लागला.

हमाल हे त्याचं नाव पहिल्याच दिवशी पडलं. विमानतळावर माझ्या बॅगेचं चाक निखळलं आणि दुसऱ्या कॉलेजातल्या या अनोळखी मुलाने ती सरळ खांद्यावर घेतली. सरांनी तिथेच आमची जोडी लावली. मी उताराचे कोन अर्ध्या अंशापर्यंत मोजायचे, म्हणून मी झाले दशांश.

"कुणाला विचारून घेतलेस?"

"तुझ्या वहीला."

आमच्यात एक शिस्त असते. रोजच्या नोंदी जोडीदाराने वाचायच्या आणि खाली सही करायची. त्याने माझी वही उघडून पुढे धरली. 'ओढ्याकाठची भेग. रुंदी चार मिलिमीटर. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणे.' अक्षर माझं. खाली तीन दिवसांपूर्वीची त्याची सही.

माझे कान तापले. इथल्या प्रयोगशाळेने मला दोन वर्षांसाठी राहण्याबद्दल विचारलं होतं. त्याला नऊ दिवस झाले होते. उत्तर आज दुपारपर्यंत द्यायचं होतं आणि मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. जाऊ की राहू... रोज घोळ. आणि माझ्या पेन्सिलीने परस्पर ठरवूनही टाकलं होतं!

"पुढच्या महिन्यात कोण मोजणार, दशांश? भेग येणार आहे का आपल्याकडे उडत?"

"तू हे वाचलंस... आणि सहीसुद्धा केलीस?"

"नोंद बरोबर होती. चारच मिलिमीटर."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने चेन सोडून दिली. "वाटलं, खोडशील. रोज वही उघडून बघत होतो. खोडलं असतंस तर—"

"तर?"

"तर विमानात खिडकीची जागा तुला दिली असती." तो हसला, पण नजर वर आली नाही. "दगड मी तुझ्या कॉलेजात पोचवतो. अहवाल तुझ्याच नावाने जाईल. फक्त सहा नंबरचा मी ठेवून घेणार."

"तो तर अगदी साधा आहे."

"तो काढताना तू पहिल्यांदा माझा हात धरला होतास."

"घसरत होते मी!"

"वहीत कारण लिहिलेलं नाही."

मी त्याचा हात धरला. खाली फरशी होती, अगदी सपाट. त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

"सातशे तीस दिवस. दगड कुठे जात नाहीत गं... हमालही नाही."

खालून सरांचा आवाज आला, "अरे, सोळा हवेत, चौदाच भरताहेत!"

मी हात न सोडता खिडकीशी गेले.

"सर, पंधराच मोजा. मी इथे राहतेय."