गिलेस्पीच्या टोपीवरचं फूल

आर्डव्हॅल गावाने राजसत्तेविरुद्ध एकदाच शस्त्र उचललं आणि त्या एका दिवसाने गावाचं नाव अमर झालं. असं गावच्या सभागृहाबाहेरच्या पितळी पाटीवर कोरलेलं आहे. पाटीचे खालचे दोन स्क्रू कधीच पडलेत, त्यामुळे वारा सुटला की गावाचं अमरत्व भिंतीवर आपटत राहतं.

प्रकरण तसं साधं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी राजपुत्र चार्ल्स लंडनच्या राजाकडून बापजाद्यांचं सिंहासन परत घ्यायला स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर उतरला. डोंगरातले लोक त्याच्यामागे गेले आणि पुढच्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर तासाभरात सगळं संपलं. हरलेल्यांना मग चित्रकारांनी जिंकून दिलं. आज तो राजपुत्र बिस्किटांच्या डब्यांवर, बश्यांवर आणि भांडी पुसायच्या फडक्यांवर आहे, आणि सगळीकडे देखणा आहे.

आर्डव्हॅलकडे राजपुत्र नव्हता. गिलेस्पी होता. सभागृहात दारासमोरच्या भिंतीवर त्याचं मोठं तैलचित्र होतं. चौकड्यांचा किल्ट, म्हणजे डोंगरी पुरुषांचा घागरा, खांद्यावर बंदूक, पायाशी पांढरा कुत्रा, आणि टोपीवर फितीचं पांढरं फूल. पांढरं फूल ही बंडवाल्यांची खूण, काळं ही राजाच्या शिपायांची. हे इथे चालायला लागण्याआधी कळतं.

ऑक्टोबरच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीला इथे बटाट्याची सुट्टी म्हणतात. पोरांनी शेतातले बटाटे वेचावेत म्हणून पूर्वी शाळाच बंद ठेवायचे. आता ते काम यंत्रं करतात. लॉखलन आजोबांकडे यंत्र नव्हतं, नातवंडं होती.

बुधवारी सकाळी तेरा वर्षांची मार्सली तिसऱ्या सरीत वाकलेली होती. ग्लासगोहून आलेला तिचा आतेभाऊ टोरकिल उलट्या बादलीवर बसला होता.

"सुट्टीत माणूस दमून घरी जातो, असं फक्त आपल्याच घरात होतं," तो म्हणाला.

"तू अजून एक बादली भरली नाहीस. दमलास कशाने?"

"बघून."

दुपारी समुद्रावर कसं सटकायचं याचा बेत चालला होता, तेवढ्यात मार्सलीचा धाकटा भाऊ रुअरी धापा टाकत आला. वय दहा, आणि गावच्या बॅगपाइप पथकात ढोल वाजवत असल्यामुळे स्वतःला वीस समजणारा. त्याने एवढंच सांगितलं, "आजोबांची किल्ली जाणार."

किल्ली सभागृहाची. आजोबा एकतीस वर्षं रोज सकाळी सभागृह उघडत, स्टोव्ह पेटवत आणि खुर्च्या मांडत. आजी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या. ती किल्ली गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलं नसतं.

तिघे सभागृहात पोचले तेव्हा समितीच्या अध्यक्षा किनेअरबाई चित्रासमोर उभ्या होत्या. एका हातात शनिवारच्या समारंभाची छापील पुस्तिका, दुसरा हात कपाळाला. बंडाच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त इन्व्हरनेसहून वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गिलेस्पीच्या टोपीत पांढरं फूल होतं. भिंतीवरच्या गिलेस्पीच्या टोपीत काळं.

"लॉखलन, तुम्ही याला काय लावलंत?"

"बटाटा," आजोबा म्हणाले.

किनेअरबाई खुर्चीत बसल्या. आजोबांनी शांतपणे सांगितलं, की त्यांची आई जुनी चित्रं अशीच पुसायची, आधी कापलेला बटाटा, मग ओलं फडकं. "शनिवारपर्यंत लखलखीत पाहिजे, असं तूच म्हणालीस ना, अर्सुला?"

बाईंचं म्हणणं असं पडलं, की पांढरा रंग खरवडून निघाला आणि आतला काळा लेप वर आला. दोनशे वर्षांचा ठेवा एका भाजीने घालवला. समिती तिथेच बसली आणि सहा मिनिटांत निर्णय झाला. शनिवारी समारंभ संपला की लॉखलननी किल्ली परत करायची. चित्राजवळ जाऊन पाहावं, असं सहाही मिनिटांत कोणाला वाटलं नाही.

आजोबांनी मान हलवली. घरी येऊन सूप केलं. "जाऊ दे, पोरी," ते मार्सलीला म्हणाले. "तशाही त्या पायऱ्या आता जड जातात." पण जेवताना किल्ली ताटाशेजारी होती, आणि डावा हात सगळा वेळ तिच्यावर.

मार्सलीने सूप संपवलं नाही.

गुरुवारी सकाळी ती दोघांना घेऊन सभागृहात गेली. बरोबर सुरी आणि चार बटाटे होते. तिचं म्हणणं सरळ होतं. बटाट्याने तैलरंग निघत असेल तर तो सगळीकडे निघायला हवा. कुत्राही पांढराच आहे.

"आणि कुत्रा काळा झाला तर?" टोरकिलने विचारलं.

"तर चूक आजोबांची."

तिने शेपटीपासून सुरुवात केली. बटाटा काळाकुट्ट झाला, फडकं काळं झालं, आणि कुत्रा तेवढा आणखी पांढरा झाला. मग तिने पाठ पुसली, कान पुसले. कुत्र्याचा रंग जागचा हलला नाही. पुसता पुसता खालच्या कोपऱ्यातल्या मळाखालून आकडे वर आले: १७६६.

टोरकिल पहिल्यांदाच बादलीवरून, म्हणजे आता खुर्चीवरून, उठला. शाळेत त्याला इतिहास हा एकच विषय झोप न येता ऐकू येई. "बंड मोडल्यावर किल्टवर बंदी आली होती. घातला तर तुरुंग. सतराशे ब्याऐंशीपर्यंत होती ती. मग सहासष्टमध्ये हा किल्ट घालून चित्रकारासमोर उभा कसा राहिला?"

"कोणालाच चालायचं नाही?" मार्सलीने विचारलं.

"राजाच्या पलटणीतल्या शिपायांना चालायचं."

तिघांनी गिलेस्पीकडे पाहिलं. काळ्या फितीच्या घड्या नीट रंगवलेल्या होत्या, एकेक दुमड दिसत होती. लेप कोणी इतक्या मायेने रंगवत नाही.

रुअरी मात्र चौकटीच्या खालच्या खाचेत बोट घालून बसला होता. बोटाला पांढरी भुकटी लागली. त्याने तिचा वास घेतला आणि ती थुंकी लावून चोळली. "हे आपल्या पथकाचं आहे. बुटांवरच्या पांढऱ्या पायपट्ट्यांना लावतो ते पॉलिश. पावसात भिजलं की उतरतं. मला दर शनिवारी पुन्हा लावावं लागतं."

मागच्या कपाटात जुने फोटो होते. स्टोव्हच्या काजळीने माखलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी दोन शोधून काढले. १९३७ सालच्या चहापानाच्या फोटोत मुलांच्या रांगेमागे गिलेस्पी होता, काळ्या फुलाचा. १९४५ साली बंडाला दोनशे वर्षं झाली त्या समारंभाच्या फोटोतही तोच होता, पांढऱ्या फुलाचा. पुढे पथकाचा प्रमुख उभा होता, पांढरेशुभ्र पायपट्टे घालून.

"हे किनेअरबाईंचे वडील," मार्सली म्हणाली. तिने दोन्ही फोटो खिशात ठेवले. बटाटे मात्र अजून दोन सऱ्या बाकी होते, म्हणून ते परत शेतात गेले.

शनिवारी साठेक माणसं जमली. चहा होता, लोण्याची शॉर्टब्रेड बिस्किटं होती, वर्तमानपत्राचा माणूस होता आणि तो दोनदा जांभई देऊन झाला होता. चित्रावर कापड होतं. किनेअरबाईंनी ते दूर केलं, तेव्हा गिलेस्पीच्या टोपीत पुन्हा पांढरं फूल होतं. पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं, की ते कागदाचं आहे आणि खालून सुटत आलंय.

भाषणात बाई गिलेस्पीच्या शौर्यापर्यंत पोचल्या होत्या, तेवढ्यात मार्सली उठून पुढे गेली. तिने अर्धा कापलेला बटाटा त्यांच्यापुढे धरला.

"बाई, हा कुत्र्यावर घासा. तुमच्या हाताने. कुत्रा काळा झाला तर किल्ली आत्ताच घ्या."

पाद्री खोकले. किनेअरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि, साठ माणसं बघत होती म्हणून, घासला. कुत्रा पांढराच राहिला. मग रुअरीने खाचेतली भुकटी दाखवली, टोरकिलने साल आणि बंदीचा कायदा सांगितला, आणि मार्सलीने दोन्ही फोटो बाईंच्या हातात दिले. "आजोबांनी रंग नाही काढला. कोणीतरी वरून लावलेलं पॉलिश काढलं."

बाईंनी दुसरा फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यातल्या पथकाच्या टोकाला दोन वेण्यांची एक लहान मुलगी उभी होती. मुलांनी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

"पॉलिशची डबी मी धरली होती," किनेअरबाई म्हणाल्या.

सभागृहात चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज झाले. बाई उभ्याच होत्या. त्यांनी सांगितलं, की तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि गावातली चार मुलं परत आली नव्हती. आजूबाजूच्या प्रत्येक गावाकडे बंडातला एक तरी वीर होता. यांच्याकडे राजाचा पगारी शिपाई. वडील म्हणाले, एकच हात मारू, पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षात राहणार नाही. "मी नऊ वर्षांची होते. मग मी विसरले. म्हणजे, विसरायला बरीच वर्षं लागली."

"आणि तुमच्या गावातून बंडात कोण गेलं होतं?" वर्तमानपत्राच्या माणसाने विचारलं. त्याची जांभई थांबली होती.

मागच्या रांगेतून नव्वदीच्या पेगी आजींनी उत्तर दिलं. "कोणी नाही. कापणी होती."

किनेअरबाई चालत आजोबांपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं, आणि किल्ली तुमचीच." आजोबांनी ती त्या दिवशी खिशातून काढलीच नव्हती. "चित्रावरचा कागद मीच काढतो, अर्सुला," ते म्हणाले. "तुझा हात पोचणार नाही."

मग नेहमीसारखं कौतुक झालं. पाद्री मुलांच्या चौकस बुद्धीबद्दल बोलले, समितीने आभाराचा ठराव केला, तिघांचा फोटो निघाला, त्यात टोरकिलने डोळे मिटलेले आहेत. फूल काळं ठेवायचं की पुन्हा पांढरं करायचं, यावर दीड तास चर्चा झाली. दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. शेवटी अकरा मतांनी काळं ठरलं.

सगळे गेल्यावर आजोबांनी खुर्च्या रचल्या, मुलांनी कप गोळा केले. दिवा मालवण्याआधी मार्सलीने दारात उभं राहून एकदा मागे पाहिलं. दारापासून चित्र तीस पावलांवर आहे. फूल काळं की पांढरं, ते तिथून दिसत नाही.