धैर्यांक

लघुमूर्ती-पटखेळांचे अकरावे संमेलन नागपुरात, वर्धा रोडवरच्या प्रदर्शनगृहात भरले होते. एकशे चाळीस टेबले आणि प्रत्येक टेबलावर एकेक छोटे जग. बोटाच्या पेराएवढ्या रंगवलेल्या मूर्ती, त्यांच्यासाठी उभारलेले डोंगर, पूल, पडक्या भिंती. आणि या सगळ्याकडे वाकून बघणारी मोठी माणसे.

डॉ. यामिनी देवगडे दरवर्षी यायच्या. त्या मज्जाविकारतज्ज्ञ होत्या आणि शहरातल्या दूरशल्य केंद्रात काम करीत. गडचिरोलीतल्या रुग्णावर नागपुरात बसून, यंत्रहाताच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करणारे चालक तिथे तयार होत. त्या चालकांच्या निवड समितीवर त्या होत्या. मूर्ती रंगवण्याचा नाद त्यांना विद्यार्थिदशेपासून होता. संमेलनात पहिल्या दिवशी फक्त नवे खेळ खेळायचे, असा त्यांचा नियम होता.

सकाळपासून त्यांनी दोन नवे खेळ पाहिले होते. एक मेळघाटातल्या मध गोळा करणाऱ्यांचा. त्यातल्या मधमाश्या केसाएवढ्या तारांवर खरोखर डोलत. दुसरा मालगाड्यांच्या यार्डाचा, हुशारीने रचलेला, पण शेवटी सगळे फाशांवर येऊन थांबणारा. तिसरा खेळ त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर सापडला. त्याचे नाव होते ‘वेढा’. मधे एक गोंड किल्ला आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस सैनिक.

“फासे कुठे आहेत?” त्यांनी विचारले.

“फासे नाहीत मॅडम,” टेबलामागचा माणूस म्हणाला. त्यांचे नाव अनंत ढोक. पूर्वी ते सूक्ष्म उपकरणांच्या कारखान्यात अभियंता होते. “फासा म्हणजे नशीब. शिपाई नशिबाच्या जोरावर उभा राहत नाही. तो सेनापतीच्या मनावर उभा राहतो. मी तेच मोजतो.”

“कसं?”

“प्रत्येक मूर्तीच्या बैठकीत कंपवेधक बसवलाय. मोहरीएवढा. तुम्ही मूर्ती उचलता तेव्हा तुमचा हात थरथरतो.”

“प्रत्येकाचाच थरथरतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा. डोळ्याला दिसत नाही, इतकंच.”

ढोकांना बरे वाटले. बहुतेकांना एवढे समजावून सांगण्यातच त्यांचा वेळ जाई. “बरोबर. तर एका हाताच्या थरथरीचा नमुना मी साठवून ठेवला आहे. त्याला मूळ कंप म्हणतो. तुमच्या हाताचा कंप त्याच्या जितका जवळ, तितका तुमचा धैर्यांक जास्त. शंभरपैकी. धैर्यांक जास्त असला की मूर्ती पुढे जाते. कमी असला की पटाखालचं चुंबक तिला मागे ओढतं.”

यामिनीबाईंनी एक भालाईत उचलून किल्ल्याच्या दरवाजासमोर ठेवला. पटाच्या कडेवर अडतीस हा आकडा उजळला. भालाईत किंचित डगमगला आणि दोन घरे मागे सरकला. त्या हसल्या. हा खेळ त्यांना आवडला.

त्यांच्यासमोर खेळत होती सुकेशिनी गजभिये. भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात ती प्रयोगशाळा परिचर होती. वय छत्तीस. संमेलनाला पहिल्यांदाच आली होती. तिने मूर्ती ठेवली की आकडा नव्वदच्या खाली येत नसे. पाऊण तासात तिचे सैन्य किल्ल्यात होते आणि यामिनीबाईंचे पटाबाहेर.

“सकाळपासून जिंकूनच राहिली मी,” ती म्हणाली. तिला स्वतःलाच त्याचे नवल वाटत होते. “कॉलेजात मी चंचुपात्रं धुते मॅडम. प्रयोग दुसरे करतात.”

यामिनीबाईंनी तिच्या हाताकडे पाहिले. त्या हातात घाई नव्हती. चालक व्हायला दरवर्षी तीसएक उमेदवार येत आणि त्यातल्या जेमतेम दोघांचे हात त्या कामाचे निघत. हा हात इथे कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता.

“दूरशल्य चालकाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे,” त्या म्हणाल्या. “विज्ञान शाखा असली की चालतं. तुमच्यासारखा हात मी फार दिवसांत पाहिला नाही. चाचणीला याल?”

सुकेशिनी खुर्ची सरकवून उठली. मग बाहेर जाऊन तिने नवऱ्याला फोन केला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. सोमवारी राजीनामा देते, असे ती म्हणाली. आधी चाचणी होऊ द्या, असे यामिनीबाई म्हणाल्या खऱ्या, पण फार जोर देऊन नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे बारा जण ‘वेढा’ खेळून गेले. पंच्याऐंशीच्या वर धैर्यांक असलेले सात निघाले. संमेलनात त्यांना सात सेनापती म्हणू लागले आणि लोक त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढू लागले. समितीपुढे ठेवण्यासाठी यामिनीबाईंनी ढोकांकडे सगळ्यांच्या नोंदी मागितल्या. ढोकांनी संगणकावर आलेख उघडला.

दोनशे पाच खेळाडू तीस ते पंचेचाळीसच्या मधे दाटीवाटीने बसले होते. सात जण पंच्याऐंशीच्या वर होते. मधे कोणीच नव्हते.

यामिनीबाईंनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

“ढोकसाहेब, हे धैर्य नाही.”

“म्हणजे?”

“माणसांची उंची घ्या, रक्तदाब घ्या, स्वभाव घ्या. बहुतेक माणसं मधे असतात, कडेला विरळ होत जातात. इथे दोन ढीग पडलेत आणि मधे मोकळं मैदान आहे. असं होतं तेव्हा ती एकाच जातीची कमी-जास्त माणसं नसतात. दोन वेगळे गट असतात. हा मूळ कंप कोणाच्या हाताचा?”

“माझाच की. सहा वर्षांपूर्वी घेतला.”

“मग तुमचा धैर्यांक शंभराच्या आसपास हवा.”

ढोक ओशाळले. “होता. इथे आणायच्या आधी घरीच मित्रांत खेळायचो, पहिली दोन वर्षं मला कोणी हरवलं नाही. हल्ली मी खेळतच नाही. पोरंसोरंही हरवतात. वय झालं, मन भित्रं झालं, दुसरं काय.”

“वय किती तुमचं?”

“त्रेपन्न.”

“एक मूर्ती उचला.”

त्यांनी एक घोडेस्वार उचलून ठेवला. सव्वीस. घोडेस्वार सरळ पटाच्या कडेपर्यंत मागे गेला. यामिनीबाईंनी त्यांना टेबलापासून दरवाजापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितले. ढोक चालले. त्यांचा डावा हात पावलांबरोबर हलत होता, उजवा शरीराला चिकटून राहिला होता. मग यामिनीबाईंनी त्यांना एका कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. ओळीगणिक अक्षर बारीक होत गेले.

“मूळ कंपाची कच्ची नोंद दाखवा,” त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वॉर्डात असतो तसा झाला होता.

नोंद उघडली. सेकंदाला आठ ते बाराच्या जागी एक ठळक शिखर पाचावर होते.

“निरोगी हाताचा नमुना सहा वर्षांत बदलत नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “तुमचा बदलला. तुमचा खेळ धैर्य मोजत नाही, ढोकसाहेब. तो अंतर मोजतो. तुमच्या त्या वेळच्या हातापासून समोरच्या हाताचं अंतर. आणि तुमचा हात त्या वेळीच निरोगी नव्हता. ही कंपवाताची, पार्किन्सन्सची सुरुवात होती. बाहेर काही दिसायच्या कितीतरी आधीची. आज तुम्ही त्याच्या पुष्कळ पुढे आला आहात, म्हणून तुमच्या मूर्ती तुमच्याच जुन्या हातापासून पळतात.”

ढोक खुर्चीवर बसले. बाजूच्या टेबलावर कोणीतरी पूल जिंकला होता, तिथे टाळ्या वाजत होत्या. मग त्यांनी विचारले ते स्वतःविषयी नव्हते.

“मग ते सात जण?”

“सहा वर्षांपूर्वी तुम्ही जिथे होतात, तिथे ते आज आहेत.”

सुकेशिनीला सांगायचे काम यामिनीबाईंनी तिसऱ्या दिवशी सकाळी केले. प्रदर्शनगृहामागे चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर. त्यांनी काही लपवले नाही आणि काही वाढवले नाही.

“परवा तुम्हीच म्हणालात ना, असा हात पाहिला नाही म्हणून?” सुकेशिनी म्हणाली.

“म्हणाले. चुकले मी. आकडा बघून भुलले.”

“घरी मी सगळ्यांना सांगून बसली. माझ्या सासूनं शेजारी सांगितलं.” तिने चहाचा कप बाकावर ठेवला. “आता काय होईल?”

“पेशीरक्षक नावाचं औषध आहे. लक्षणं दिसायच्या आत सुरू केलं तर मेंदूतल्या त्या पेशी वाचतात, दमलेल्या पुन्हा कामाला लागतात. आजवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण लक्षणं नसलेला माणूस डॉक्टरकडे येत नाही. तुम्ही आलात.”

“मी आली नाही. मी खेळायला आली होती.” मग तिने विचारले, “आणि ढोकसर?”

“त्यांना थोडा फायदा होईल. थोडाच.”

दुपारी ‘वेढा’चा अंतिम सामना होता. सुकेशिनी खेळली आणि सत्त्याण्णवच्या आकड्याने जिंकली. करंडक तिने टेबलावरच राहू दिला.

सातपैकी सहा जणांच्या मेंदूचे चित्रण झाले. सहाही जणांत रोगाची सुरुवात सापडली. सातव्या गृहस्थांनी तपासून घ्यायला नकार दिला आणि मग फोन उचलणेही बंद केले. चार महिन्यांत यामिनीबाईंचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वर्षभरात ढोकांचा भालाईत दवाखान्यांत, आरोग्य शिबिरांत, कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत जाऊन उभा राहिला. डॉक्टर तो रुग्णाच्या हातात देत आणि आकडा बघत.

पुढच्या वर्षी संमेलनात ‘वेढा’पुढे दरवाजापर्यंत रांग लागली. त्यातल्या कोणालाच किल्ला घ्यायचा नव्हता. लोक मूर्ती ठेवीत, ती मागे पळाली की सुटकेचा श्वास टाकीत आणि निघून जात. एका कुटुंबाने हरल्याबद्दल पेढे वाटले. दुपारी एका प्राध्यापकांच्या मूर्तीला एक्क्याण्णव आले आणि रांग एकदम गप्प झाली. संध्याकाळी ढोकांनी पट आवरला.

“हे चांगलंच आहे, मला कळतं,” ते यामिनीबाईंना म्हणाले. “पण मी खेळ बनवला होता. आता यात कोणी खेळत नाही.”

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी टेबल मांडले नाही. पण शेवटच्या दिवशी ते नुसते बघायला आले, तेव्हा सुकेशिनी यामिनीबाईंच्या केंद्रातला ‘वेढा’चा पट आणि संगणक घेऊन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “सर, एक डाव. तपासणी नाही, डाव.” ती अजून भंडाऱ्यालाच होती. दोन वर्षे तिने औषधाची एक गोळी चुकवली नव्हती. मात्र महाविद्यालयाला सांगून आता ती स्वतः प्रयोग मांडीत असे. पुढच्या चित्रणाची तिची तारीख महिन्याभराने होती.

ढोकही दोन वर्षे औषध घेत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असला की स्पष्ट हलायचा. पण चमचा धरता येत होता, शर्टाची बटणे लावता येत होती.

सुकेशिनीने पहिली मूर्ती ठेवली. त्रेचाळीस. तिचा शिपाई मागे सरकला. तिने दुसरी ठेवली. एक्केचाळीस. ती हसू लागली. पुढची मूर्ती ठेवताना तिला तोंडावर हात धरावा लागला. भोवती दहाबाराजण जमले होते. त्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या.

“हरण्यावर जाऊ नका,” ढोक हळूच म्हणाले. “हरत मीही होतो. हे यंत्र अंतर सांगतं. माणूस कुठल्या दिशेला गेला ते त्याला कळत नाही.”

सुकेशिनीचे हसू थांबले. तिने यामिनीबाईंकडे पाहिले. यामिनीबाई आधीच संगणकापाशी गेल्या होत्या. त्यांनी कच्ची नोंद उघडली आणि शिखर कुठे आहे ते पाहिले. खात्री करायला त्यांनी ते दुसऱ्यांदा मोजले.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “सेकंदाला नऊ. चित्रण करूच. पण हा निरोगी हात आहे.”

सुकेशिनीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“माझी पाळी आहे,” ढोक म्हणाले.

त्यांनी हलत्या हाताने घोडेस्वार उचलला. तो वाटेत दोनदा किल्ल्याच्या भिंतीवर आपटला. अखेर दरवाजासमोर टेकला. पटाच्या कडेवर अठ्ठावन्न उजळले आणि घोडेस्वार एक घर पुढे गेला.

ढोकांना ते खरे वाटेना. त्यांनी दुसरा ठेवला. साठ. तिसरा. सत्तावन्न. दोन वर्षांच्या औषधाने त्यांचा हात, बरा झाला नसला तरी, थोडासा मागे आला होता. सहा वर्षांत तो जितका वाहवत गेला होता, त्यातली थोडी वाट तो उलट चालला होता. मूर्ती फक्त अंतर मोजत होत्या आणि ते अंतर कमी झाले होते. औषध दोघांनाही एकाच दिशेने नेत होते. त्या दिशेला सुकेशिनी मूळ कंपापासून दूर जात होती आणि ढोक त्याच्या जवळ येत होते.

वीस मिनिटांत सुकेशिनीचे सैन्य पटाबाहेर गेले. ढोकांचे सात शिपाई किल्ल्यात शिरले.

“जिंकलात सर,” ती म्हणाली.

“किती वर्षांनी,” ढोक म्हणाले. ते पटाकडेच पाहत होते. मग त्यांनी पडलेले शिपाई एकेक करून गोळा करायला घेतले. त्यांना ते जमायला वेळ लागत होता. कोणी मदत केली नाही, कारण त्यांनी मागितली नव्हती.