फरशीखालचा खोकला

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात घडलेली आहे. समुद्राजवळच्या एका घरात.

घर बदलणं आम्हाला भागच होतं. माझ्या मुलीला दमा. आम्ही आधी राहायचो तिथे धूळ, धूर आणि भिंतीची ओल, तिन्ही गोष्टी फुकटात मिळायच्या. झोपली की तिची छाती वाजायची. सासूबाई तिला लाडाने ‘पिपाणी’ म्हणायच्या. ऐकणारे हसायचे. मी मात्र रात्ररात्र ती पिपाणी ऐकत पडून असायचे. वाजायची थांबली तर, या भीतीने डोळा लागायचा नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “समुद्राच्या बाजूला राहायला जाऊन बघा. हवा बदलली तर फरक पडेल.”

नवरा फरशी बसवायची कामं करतो, मी घरी बसून कपडे शिवते. म्हणजे कुठेही गेलो तरी पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता, नेमकं कुठे राहायचं.

एजंटने तीन घरं दाखवली. पहिलं बर्फाच्या कारखान्याच्या वर. दिवसभर जमीन थरथरायची. दुसरं टेकडीवर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर. सासूबाईंनी खालूनच जिना पाहिला आणि म्हणाल्या, “मला एकदाच वर न्या. मग खाली यायचं ते चौघांच्या खांद्यावर.”

तिसरं घर गल्लीच्या टोकाला होतं. बैठं, तीन खोल्यांचं. खिडकी उघडली की समोर वाळू आणि पुढे समुद्र. सासूबाईंचे गुडघे आणि पोरीची छाती, दोन्ही खूश.

एजंट म्हणाला, “ताई, दोन दिवस राहून बघा. मग सांगा.”

घर रिकामं का पडलंय, हे आम्ही विचारलंच नाही. आपल्याला हवं ते मिळत असलं की नसत्या चौकशा कोण करतो?

शनिवारी आम्ही नवऱ्याच्या कामाच्या टेम्पोतून अंथरुणं घेऊन गेलो. पोरगी दिवसभर वाळूत खेळली, जेवली आणि आतल्या खोलीत झोपली. मी नेहमीसारखी शेजारी पडले. कान देऊन.

आवाजच नाही…

मी पटकन तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास येत होता. ऊबदार, एकसारखा. फक्त छाती वाजत नव्हती. खरं सांगते, मला रडू आलं. आनंदाने. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले.

रविवारी उठले तेव्हा घर पक्कं झालंच होतं. नवऱ्याने तेवढी आपली परीक्षा घेतली. कुठल्याही घरात गेला की तो रांगत रांगत हातोडीच्या दांड्याने प्रत्येक फरशी वाजवून बघतो. खाली सिमेंट-वाळूचा मसाला नीट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर पोकळ. पाहुण्यांच्या घरीही हेच करतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सगळं घर भरीव वाजलं. आतल्या खोलीत कोपऱ्यातली एक फरशी सोडून.

“एवढी एक पोकळ आहे. राहायला आलो की बसवून टाकतो,” तो म्हणाला आणि पोरीला घेऊन बाहेर वाळूत गेला.

दुपारची वेळ. सासूबाई बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला…

खोकल्याचा.

आधी कोरडे ठसके. मग शिट्टीसारखा ओढून घेतलेला श्वास. तो खोकला मी हजार पोरांतून ओळखला असता. माझ्याच पोरीचा होता.

मी पर्समधला तिचा दम्याचा पंप घेतला आणि ओल्या हातांनीच धावले.

खोली रिकामी होती.

खिडकीतून बाहेर पाहिलं. पोरगी वाळूत पळत होती. बाप मागे, ती पुढे. चांगली खिदळत होती. मला वाटलं, कानांना सवय झाली आहे, भास झाला असेल.

पुन्हा खोकला आला…

खालून.

मी तिथेच बसले आणि कोपऱ्यातल्या त्या फरशीला कान लावला. आत कोणीतरी धापा टाकत होतं. मग अगदी बारीक आवाजात, दम लागल्यावर ती बोलते तसं, तुटक तुटक…

“आई… पंप…”

मी किंचाळले. नवरा पोरीला काखोटीला मारून धावत आला. सासूबाई भिंतीला धरून आल्या. मला काही सांगावं लागलं नाही. त्या दोघांनीही ऐकलं. खोकला खालून येत होता, आणि माझी पोरगी दारात उभी होती. तोंड मिटून.

नवऱ्याने छिन्नी घालून फरशी उचलली.

आवाज बंद झाला.

खाली वाळू होती. कोरडी वाळू, दुसरं काही नाही. त्याने हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. मग मी घातला. ती वाळू गरम होती. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा, तशी.

“बंद कर ते,” सासूबाई म्हणाल्या. “सामान भरा. आत्ताच्या आत्ता निघायचं.”

“निघू. पण फरशी अशी उघडी टाकून जाता येत नाही, आई.”

“अरे, जीव जातोय इथे आणि तुला फरशीचं पडलंय!”

“दुसऱ्याचं घर आहे. काम अर्धवट सोडून मी कधी गेलोय का?”

खरंच नाही गेला कधी. मी त्याला अडवायला हवं होतं, पण मी अंथरुणं गुंडाळायला लागले. त्याने टेम्पोतून सिमेंट आणलं, मसाला कालवला. पोकळी काठोकाठ भरली. फरशी वर ठेवून रबरी हातोडीने ठोकून बसवली.

प्रत्येक ठोक्याला पोरगी डोळे मिटत होती.

शेवटी त्याने दांड्याने वाजवून बघितलं. सवयीने.

“आता भरीव आहे,” तो म्हणाला.

आम्ही टेकडीवरचं घर घेतलं. दुसरा इलाजच नव्हता. सासूबाई प्रत्येक जिन्यावर थांबून एजंटच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पोरगी मात्र पळत वर येते. धाप नाही. दम नाही. खोकला तर त्या दिवसापासून एकदाही नाही.

डॉक्टरांनी तपासलं. “छाती एकदम स्वच्छ. काही आवाजच नाही,” ते हसून म्हणाले. मग हसू थांबलं. नळी सरकवून त्यांनी पुन्हा ऐकलं. पाठीवरून ऐकलं. बराच वेळ. “छान आहे,” एवढंच म्हणाले आणि आमच्याकडे न बघता पुढच्या पेशंटला बोलावलं.

तुम्ही म्हणाल, बाई, पोरगी बरी झाली, आता आणखी काय पाहिजे?

परवा ती जिन्यावरून पडली. गुडघा चांगला फुटला, रक्त आलं. मी धावले. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसली. अशा वेळी काय करायचं असतं, ते मी सांगेन म्हणून वाट बघत असल्यासारखी.

सासूबाई तिला आता पिपाणी म्हणत नाहीत. तिला जवळ घेऊन झोपतही नाहीत. का, ते मी विचारलेलं नाही.

आणि काल एजंटचा फोन आला.

“ताई, रागावू नका, एक विचारायचं होतं. त्या घरात नवीन लोक आलेत. त्या बाई म्हणतात, आतल्या खोलीत कोणाचं तरी पोर खोकतं. दुपारचं. सारखं आईला हाका मारतं. तुमच्या वेळी असं काही…?”

मी फोन ठेवून दिला.

नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. आज सकाळी त्याने छिन्नी आणि हातोडी पिशवीत टाकली आणि दारात बसून बूट चढवले.

“जाऊन उघडतो,” तो हळूच म्हणाला. “आपलीच असेल तर? श्वास कोंडून तिथे पडली असेल तर?”

“आणि मग ही?” मी विचारलं.

त्याने पिशवी हातात घेतली. हे सगळं आम्ही कुजबुजत बोलत होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पोरगी आत झोपलेली होती. एजंटच्या फोनबद्दल तिला कोणी काही सांगितलेलं नाही, देवाशपथ.

दार उघडलं…

ती उंबऱ्यात उभी होती. तिने बापाच्या हातातली पिशवी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. शांतपणे म्हणाली,

“नको उघडूस, बाबा. ती वर आली तर मी कुठे जाऊ?”

नवऱ्याने बूट काढलेले नाहीत. अजून दारातच बसलाय. हे लिहितेय तेव्हा दुपार व्हायला आली आहे, म्हणजे तिकडे खोकला सुरू होईल. तिला पंप लागेल.

आणि ही माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आहे. मी तिच्या केसांवरून हात फिरवतेय. ढकलून देऊ कशी? तीही मला आईच म्हणते.