ट्रेसाने ऐकलेला श्वास

लॉरेल ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि ट्रेसा स्लोनला कॉलेजच्या पहिल्याच दिवशी उशीर होत होता. गाडी पाण्यात घालायची असं तिचं ठरलं होतं. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या जुन्या पिकअपमधून एक हात बाहेर आला आणि हवेत दोनदा खाली-वर झाला. थांबा – असा.

तिने काच खाली केली. "पाणी गुडघाभरच आहे."

"माझ्या मावसभावालाही गेल्या वर्षी गुडघाभरच वाटलं होतं," पिकअपमधला तरुण म्हणाला. "त्याची गाडी खालच्या गावात सापडली."

"आणि तो?"

"तो झाडावर."

ट्रेसा थांबली. भुरभुर पावसात डोंगराच्या कडेची झाडं काळपट ओली दिसत होती. तरुण खाली उतरला. अठ्ठावीसेक वर्षांचा असावा. रुंद खांदे, उजव्या भुवईपाशी निळसर बारीक ठिपका. कोळशाची कपची कातडीत रुतून बसली की असा ठिपका राहतो, तो पुसला जात नाही. या भागात तो बघून कोणी काही विचारत नाही. त्याने कागदात गुंडाळलेला सॉसेजचा पाव मोडला आणि अर्धा तिच्या खिडकीतून आत दिला.

"मी मागितला नव्हता," ती म्हणाली.

"पाणी ओसरायला तासभर लागेल. नंतर मागाल, तेव्हा संपलेला असेल."

तिने पाव घेतला. बोलता बोलता कळलं, की दोघांनाही एकाच कॉलेजात, एकाच वर्गात जायचं आहे. वर्ग श्वसनोपचाराचा होता: दम्याचे, खाणीतले, अपघातातले, ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांना तो घ्यायला मदत करण्याचं शिक्षण. त्याचं नाव व्हर्जिल कॉडिल. सहा वर्षं तो कोळशाच्या खाणीत, छत कोसळू नये म्हणून, त्याला बोल्ट मारत होता. ट्रेसा पाच वर्षं औषधांच्या दुकानात गल्ल्यावर होती.

"लोकांना इनहेलरच्या पिशव्या देऊन कंटाळा आला," ती म्हणाली. "ते घरी नेऊन नेमकं काय करतात, ते बघावं म्हटलं."

"आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी आलात."

"तुम्ही आहात हे मला पंधरा मिनिटांपूर्वी कळलं."

"पण आता कळलं ना."

ओढा ओसरला तेव्हा त्यांच्यात 'तुम्ही' उरलं नव्हतं.

वर्गात एकूण चौदा जण होते. शिकवणाऱ्या हॅलकमबाईंच्या सगळ्यांच्या जोड्या लावून झाल्या होत्या. उशिरा आलेले दोघं उरले, म्हणून ते एकमेकांच्या वाट्याला आले. हॅलकमबाई तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की पुढची दोन वर्षं तुम्ही रोग्याच्या आधी आपल्या जोडीदाराचं शरीर शिकाल, तेव्हा लाजणाऱ्यांनी आजच घरी जावं. कोणी गेलं नाही.

मनगटातून रक्त काढण्याआधी हाताला दोन्ही बाजूंनी रक्त नीट पोचतंय का, ते तपासावं लागतं. व्हर्जिलने ट्रेसाचा हात हातात घेतला. तिने मूठ आवळली. त्याने दोन्ही अंगठ्यांनी तिच्या मनगटावरच्या नाड्या दाबल्या.

"उघड आता."

तिचा तळहात पांढराफटक पडला होता. त्याने करंगळीकडचा अंगठा उचलला आणि मनात मोजलं. तळव्यात हळूहळू रंग भरत गेला, आधी खालून, मग बोटांत…

"चार सेकंद," तो म्हणाला. "उत्तम."

"मग हात सोड."

"खात्री करून घेतोय."

"वहीत काय लिहिणार? खात्री करायला किती वेळ लागला?"

त्याने हात सोडला. वहीत चारच लिहिलं.

पुढच्या महिन्यात छाती ऐकायला शिकवलं. ट्रेसाने स्टेथोस्कोप त्याच्या पाठीवर ठेवला आणि वरपासून खाली, डावीकडून उजवीकडे सरकवत आली. वर सगळं स्वच्छ होतं. खाली, शेवटच्या बरगड्यांपाशी, श्वास आत घेताना अगदी शेवटी एक बारीक आवाज होता. कानाजवळ केसांची बट बोटांत धरून चोळावी, तसा. हॅलकमबाईंनी आदल्याच दिवशी तो आवाज टेपवर ऐकवला होता, आजारी फुप्फुसाचा म्हणून. ट्रेसाने पुन्हा ऐकलं. दुसऱ्या बाजूलाही तोच होता.

"काय ऐकू येतंय?" व्हर्जिलने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"…श्वास."

"चला. म्हणजे जिवंत आहे."

ती हसली नाही. तोही मागे वळला नाही.

नंतर नळीत फुंकायची परीक्षा झाली. पूर्ण श्वास घ्यायचा आणि सगळा बाहेर टाकायचा. शेजारी उभं राहून जोडीदाराने ओरडायचं – अजून, अजून, अजून. व्हर्जिलचा आकडा वयाच्या मानाने कमी आला. अठ्ठ्याहत्तर टक्के.

"कॉडिल, मनापासून फुंकलं नाहीस," हॅलकमबाई म्हणाल्या.

"सकाळपासून काही खाल्लं नाही, मॅडम."

तीनदा फुंकून आकडा तोच. ट्रेसाचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि त्याने जीव तोडून फुंकलंय हे तिच्या हाताला कळत होतं. तिने काही विचारलं नाही. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, असं ती धरून चालली. त्या वेळी तिला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

वर्ष गेलं. दोघं कँटीनच्या खिडकीपाशी बसून अभ्यास करत. तो प्रश्न विचारी, ती उत्तर देई. उत्तर चुकलं की तो तिच्या ताटातला एक बटाट्याचा काप उचले. बरोबर आलं तरी उचले.

"आता का?"

"अवघड प्रश्न विचारण्याचं बक्षीस."

पावसाळी दुपारी काचेवरून पाणी ओघळत असे आणि ट्रेसाला कधी कधी एकच ओळ चारदा वाचावी लागे. वर्गातल्यांनी त्यांचं जमलंय असं ठरवून टाकलं होतं. त्या दोघांनी मात्र तोंडाने काही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एव्हरिज नावाचे एकाहत्तर वर्षांचे म्हातारे होते. त्यांची छाती खाणीच्या धुळीने दगड झाली होती. श्वासाला जोर देणारा मास्क चेहऱ्यावर बांधला की ते घाबरत आणि ओढून काढत. दोन नर्सेस थकल्या होत्या. व्हर्जिलने मास्कचे पट्टे सोडले आणि तो म्हाताऱ्यांच्याच हातात दिला.

"बांधायचा नाही, आजोबा. तुम्हीच धरा. नको वाटलं की खाली करा. हुकूम तुमचा."

म्हाताऱ्यांनी मास्क नाकाशी नेला, काढला, पुन्हा नेला. दहा मिनिटांनी त्यांनी तो धरून ठेवला. मग व्हर्जिलच्या भुवईकडे बघत मास्कच्या आतूनच विचारलं, "कितवं वर्ष होतं तुझं?"

"सहावं. मग सोडलं."

"शहाणा आहेस."

त्यांची बायको पलीकडे बसली होती. ती मधूनच उठून त्यांची हनुवटी पुसत होती, मग उशी, मग पाय. तिने ट्रेसाला हळूच विचारलं, "हा तुझा का गं?"

ट्रेसाचे कान तापले. व्हर्जिलने प्रश्न ऐकला होता. तो म्हातारीच्या हातातल्या त्या ओल्या फडक्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हॅलकमबाईंकडून जोडीदार बदलून घेतला.

ट्रेसाने दुपारी त्याला गाड्या लावतात तिथे गाठलं. थंडीने तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"माझं काय चुकलं, ते सांग आणि मग जा."

"तुझं काही नाही."

"मग जोडीदार का बदललास?"

त्याने पिकअपचं दार उघडलं, पुन्हा लावलं. "तू ऐकलं होतंस. त्या दिवशी, पाठीवर."

"ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

तो दाराला टेकला. मग एका दमात सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याची तपासणी झाली होती. फुप्फुसांत डाग आहेत. फार नाहीत, पण आहेत. कदाचित तेवढेच राहतील, कदाचित वाढतील. डॉक्टरने सांगितलं म्हणून खाण सोडली. वडील अकरा वर्षं ऑक्सिजनच्या नळीवर आहेत. आईने अकरा वर्षांत एकदाही मोकळेपणी घराबाहेर दिवस काढलेला नाही.

"काल ती म्हातारी बघितलीस ना? फडकं घेऊन बसलेली?" तो म्हणाला. "तिच्या जागी मला तू दिसलीस… आणि मला ते सहन झालं नाही."

"आणि मला काय दिसलं, ते विचारायचं नाही?"

"नाही," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

त्यानंतर ते एकमेकांशी कामापुरतं बोलत. मार्च असाच गेला. लेक्सिंग्टनच्या मोठ्या हॉस्पिटलने ट्रेसाला परीक्षेनंतरची नोकरी देऊ केली. अडीच तासांवरचं शहर. तिने कागद बॅगेत ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला तिची बाह्यरुग्ण विभागात पाळी होती. एक ठेंगणी, नीटनेटकी बाई नवऱ्याची ऑक्सिजनची गाडी ओढत आली. नावं लिहिताना ट्रेसाचं पेन थांबलं. कॉडिल. बाईने तिच्या छातीवरचं नाव वाचलं.

"तू स्लोनांची ट्रेसा. वर्षभर जेवताना तुझंच नाव ऐकत होते. दोन महिने झाले, बंद झालंय," ओपल कॉडिल म्हणाल्या. "गुड फ्रायडेला जेवायला ये. त्याला सांगू नकोस, पळून जाईल."

त्या दिवशी ट्रेसा गेली. डोंगरावर जांभळ्या फुलांची झाडं बहरली होती. ओपलबाईंनी शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव आणि कांदा वाढला. नळी लावलेले म्हातारे कॉडिल दोन घास खाऊन खुर्चीत पेंगले. व्हर्जिल मागे शेतात बटाटे लावत होता. या दिवशी इथे सगळेच लावतात. तिची गाडी ओळखूनही तो घरात आला नव्हता.

"तुम्हाला या लग्नाचा पश्चात्ताप होतो का?" ट्रेसाने विचारलं. आडून विचारणं तिला जमत नव्हतं.

ओपलबाईंनी ताटं गोळा केली. "व्हर्जिलच्या बापाचं दुखणं त्यालाही नळी लागायच्या तीन वर्षं आधीपासून माहीत होतं. मला सांगितलं नाही. घरात खोकायचं नाही म्हणून परसात जाऊन खोकायचा. मी समजत होते, कोंबड्या बघायला जातो." त्यांनी झोपलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "नळीचा मला राग नाही, पोरी. त्या तीन वर्षांचा आहे. तेवढ्यात आम्ही कुठे तरी गेलो असतो, समुद्र बघितला असता. त्याने परस्पर ठरवलं, मला झेपणार नाही म्हणून." मग हात पुसत म्हणाल्या, "तुला नाही झेपलं, तर नाही म्हण. मी वाईट मानणार नाही. पण नाही म्हणायचं तर ते तू म्हण, त्याने नाही."

ट्रेसा मागच्या दाराने बाहेर पडली. व्हर्जिल चर पाडत होता. त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली. तिने बियाण्याची बादली उचलली आणि त्याच्या मागून चालत चरात बटाट्याचे काप टाकायला लागली. अर्धी ओळ झाली.

"मी लेक्सिंग्टनची नोकरी घेतेय," ती म्हणाली.

फावडं थांबलं. "चांगलं झालं."

"चांगलंच आहे. तिथे खूप शिकायला मिळेल. तू शनिवारी येत जा. दोन वर्षांनी मी इथे परत यायचं की तू तिकडे यायचं, ते बघू."

"ट्रेसा… माझ्या छातीचं काही सांगता येत नाही."

"कोणाच्याच छातीचं येत नाही. दोन वर्षं आपण तेच शिकलो." तिने बादली खाली ठेवली. "मला त्रास होणारच नाही, असं मी म्हणत नाही. होईल. कदाचित एखाद्या दिवशी मला वाटेलही, की चूक झाली. पण ते माझं मी बघेन. तू एकच करायचंस. काही वाढलं, काही दुखलं, घाबरलास, तर त्याच दिवशी मला सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. बघ जमतंय का."

तो फावड्यावर रेलून तिच्याकडे बघत राहिला. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते आणि मातीचे हात असल्यामुळे तिला ते मागे करता येत नव्हते. त्याने पुढे येऊन मनगटाच्या मागच्या बाजूने ते कानामागे सारले. हात लगेच काढला नाही.

"मग आजच सांगतो," तो म्हणाला.

तिने त्याच्या छातीकडे बघितलं. "काय?"

"बटाटे उलटे टाकतेयस. कोंबाचे डोळे वर हवेत."

तिने चराकडे बघितलं. खरंच उलटे होते. टाकलेले सगळेच.

"आणि?"

"आणि काय?"

"तुझ्या चेहऱ्यावर अजून काहीतरी आहे. उद्यावर टाकायचं नाही, असं आत्ताच ठरलं."

त्याने एकदा घराकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला आणि स्थिर झाला. मग त्याने ते सांगितलं – अगदी साध्या शब्दांत, थोडं अडखळत, की ओढ्यावर अर्धा पाव दिला त्या दिवसापासून ती त्याला आवडते.

"मलाही," ट्रेसा म्हणाली.

मग ती चरात वाकली आणि एकेक काप सरळ करायला लागली. त्याने फावडं बाजूला ठेवलं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.