चाकामागचा दगड

"माझ्या नवऱ्याने मला मारायचा प्रयत्न केला का, एवढंच मला सांगा."

बाई हे इतक्या हळू म्हणाली की तुकोजीकाकांनी हातातला चहा खाली ठेवला. चहा खाली ठेवणं ही त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना होती.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात माणसं घाबरूनच येत. सीमंतिनी राजवाडे अठरा वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत होती आणि आता खासगी तपास करायची. तुकोजी जाधव तिचे घरमालक, निवृत्त पी.टी. मास्तर आणि स्वतःच्या मते अर्धे डिटेक्टिव्ह.

"नाव सांगा. मग सगळं, पहिल्यापासून," सीमंतिनी म्हणाली.

बाईचं नाव स्मृती. नवरा राजवर्धन, सासू शालिनीताई आणि पाच वर्षांची अवंतिका यांच्यासोबत ती इंदूरहून आग्र्याला निघाली होती. काल ग्वाल्हेरच्या अलीकडे गाडीचा गिअर पडेनासा झाला. क्रेनवाल्याने साखळी लावून गाडी गॅरेजपर्यंत ओढत आणली. स्टिअरिंगवर राजवर्धन होता. घाईत हँडब्रेक खाली करायचा राहिला. मागच्या चाकांतून धूर निघाला आणि ब्रेकची तार तुटली.

"म्हणजे गिअर नाही, हँडब्रेक नाही. गाडी थांबवायला काहीच नाही," सीमंतिनी म्हणाली.

"क्रेनवाला म्हणतो, त्याने मागच्या चाकाला दगड लावला होता. अवंतिका आणि मी उतारावर खाली, फाटकाजवळच्या मटक्याशी पाणी पीत होतो. त्याने साखळी काढली आणि गाडी उलटी आमच्याच अंगावर आली. गॅरेजमधल्या मोहित मिस्त्रींनी अवंतिकाला उचलून फेकलं. ते स्वतः गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडले. अजून शुद्धीवर नाहीत."

"आणि दगड?"

"चाकामागे नव्हताच. कुणीतरी काढला."

"नवऱ्यावर संशय का?"

"परवा भांडण झालं. मी माहेरी जाते म्हटलं. ते म्हणाले, जा, पण पोरगी नेलीस तर बघ." ती रडायला लागली. "आज चार वाजता पोलीस जबाब घेणार, क्रेनवाल्याला आत टाकणार. मग भाड्याच्या गाडीने पुढे जायचं. मला त्या माणसाशेजारी बसायची भीती वाटते हो!"

सीमंतिनी उठली. साडेदहा वाजले होते.

* * *

गॅरेजचं आवार चांगलंच उताराचं होतं. वर पत्र्याची शेड, खाली फाटक. गाडीचं तोंड शेडकडे होतं, त्यामुळे दुरुस्त झाली तरी ती उलटीच बाहेर पडणार होती. आता ती खाली भिंतीशी उभी होती. भिंतीवरचा डाग तुकोजीकाकांनी पाहिला आणि ते दुसरीकडे बघू लागले.

क्रेनवाला दिग्विजयसिंह पायरीवर डोकं धरून बसला होता.

"मैडम, बच्चे की कसम, पत्थर मैंने खुद लगाया। पहले पत्थर, फिर चेन खोलना, बीस साल से यही कर रहा हूँ। बीच में पर्ची बनवाने अंदर गया था, बस पाँच मिनट।"

"लौटकर पत्थर देखा?"

त्याने मान खाली घातली. "नहीं देखा। लगाया था, तो लगा ही होगा।"

"उस समय गाड़ी के पास कौन था?"

"साहब डिक्की से सामान निकाल रहे थे। माताजी भी अपनी थैली लेने आई थीं।"

दगड नळाशेजारी भिंतीला टेकवलेला होता. रोजच्या वापरातला, ग्रीसने काळा झालेला, चांगला दहा-बारा किलोंचा. गाडी जिथे आधी उभी होती तिथून नळापर्यंत धुळीत एक वाकडीतिकडी रेघ गेली होती.

"फरफटत नेलाय," सीमंतिनी पुटपुटली.

तेवढ्यात तुकोजीकाकांचा पाय सटकला. "अरे देवा! बाहेरच्या कचोरीवाल्याला अक्कल नाही, लिंबं इथे फेकतो. सगळा बूट चिकट झाला."

सीमंतिनी खाली बसली. मागचं चाक जिथे होतं तिथेच ते लिंबू चेंगरलं होतं. साल फाटली होती, पण सुरी कुठे लागलेली नव्हती. दुसऱ्या मागच्या चाकाच्या जागी आणखी एक तसंच.

"काका, कचोरीवाला अख्खी लिंबं फेकतो?"

"श्रीमंत असेल," काका म्हणाले.

* * *

कुटुंब नई सडकेवरच्या लॉजमध्ये उतरलं होतं. राजवर्धनने दार उघडलं. उंच, दणकट माणूस. चारही बॅगा त्याने एका हाताने बाजूला सारल्या. कालचाच पांढरा शर्ट अंगात होता, पण बाह्या स्वच्छ होत्या.

"दगडाला हात लावला होता?"

"मी कशाला लावू? मी बॅगा काढल्या आणि शेडमध्ये गेलो." त्याचा आवाज चढला. "तुम्हाला बोलावलं कुणी?"

स्मृतीने अवंतिकाला जवळ ओढलं. पोरीच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट होती. राजवर्धनची नजर तिच्यावर गेली.

"आई, पुन्हा? मी काय शपथ घातली होती? हे असले प्रकार पुन्हा दिसले तर तुला सोबत आणणार नाही." त्याने रुमालाने तीट खसाखसा पुसली.

शालिनीताई खिडकीजवळ बसल्या होत्या. दांडीवर त्यांची कालची साडी वाळत होती. फक्त पदर धुतलेला, आणि तोही पुन्हा पुन्हा. काळपट डाग तरी गेला नव्हता.

"ताई, काल गाडीपाशी काय केलंत?" सीमंतिनीने विचारलं.

"मी गाडीला बोटही लावलं नाही. देवाशपथ."

"ते मला पटतं," सीमंतिनी म्हणाली. "काका, दार लावून घ्या. स्मृती, तुम्हाला उत्तर हवं होतं. तुमच्या नवऱ्याने दगड काढला नाही."

"कशावरून?" स्मृतीचा आवाज कसाबसा निघाला.

"हा माणूस चार बॅगा एका हाताने बाजूला सारतो. त्याने दगड सहज उचलला असता. पण दगड फरफटत नेलाय, म्हणजे ज्याला उचलणं झेपत नव्हतं अशा माणसाने. दगडाचं ग्रीस लागलं असतं, पण यांचा शर्ट स्वच्छ आहे. आणि जीव घ्यायचा असता तर दगड पायाने ढकलून कुणीही पळालं असतं. इथे तो नळापर्यंत नेऊन नीट टेकवून ठेवलाय. मारणारा माणूस एवढी आवराआवर करत नाही."

"मग कुणी?" काकांनी विचारलं.

"तुमच्या बुटाला जे चिकटलं ते ज्याने ठेवलं, त्याने. अख्खी, न कापलेली लिंबं, नेमकी मागच्या चाकांच्या जागी. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून चाकाखाली लिंबू ठेवतात, निघताना ते चिरडलं गेलं पाहिजे. ही गाडी उलटी निघणार होती, म्हणून लिंबू चाकाच्या मागे हवं. आणि तिथे दगड होता."

शालिनीताईंनी पदर तोंडात धरला होता.

"दगड निघाला तेव्हा गाडी हलली नाही, कारण ती साखळीला होती. ठेवणाऱ्याला वाटलं, काही धोका नाही. क्रेनवाल्याला वाटलं, दगड आहेच. गाडी बंद पडली, मग चाकांतून धूर निघाला, एवढं झाल्यावर घाबरलेल्या आजीने लिंबू ठेवलं नसतं तरच नवल. आणि मुलाने शपथ घातलेली, म्हणून चोरून. ग्रीस पदराने पुसलं. ताई, तुम्ही गाडीला बोट लावलं नाहीत, दगडाला लावलंत."

"आई?" राजवर्धन म्हणाला.

"मला तेव्हाच कळलं रे," म्हातारी हुंदके देत म्हणाली. "आवाज आला तेव्हाच. पोरीसाठीच ठेवली होती मी लिंबं. रात्रभर तिचा श्वास चालू आहे ना ते बघत बसले. तू सोडून जाशील म्हणून बोलले नाही. तो मिस्त्री, त्याची आई असेल ना..." तिने डोळे पुसले आणि ती उठली. "मला पोलिसांकडे ने. त्या क्रेनवाल्या बिचाऱ्याला कशाला आत टाकायचं?"

राजवर्धनने आईला धरलं. मग सावकाश बायकोकडे वळला.

"आणि तुला वाटलं, मी?"

स्मृतीने अवंतिकाचा हात धरला आणि ती जिन्याकडे वळली.

खाली भाड्याची गाडी उभी होती; आधी पोलीस ठाणं, पुढचं मग. शालिनीताई मागे बसल्या, शेजारी अवंतिका. राजवर्धनने पुढचं दार उघडून धरलं. स्मृती बसायला निघाली, थांबली, वाकली आणि तिने चाकाखाली नीट पाहिलं.

तिथे काही नव्हतं. ती सरळ झाली, पण दार धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.