दगडातला पाय

उमापूर ते परळी असा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग ठरला, तेव्हा समितीत सगळ्यात जास्त भांडणं झाली ती शिल्पांवरून. वाटेत नऊ ठिकाणी नऊ शिल्पं उभी करायची होती आणि प्रत्येक गावाला आपलाच पुढारी हवा होता, तोही फेट्यासकट. शेवटी अध्यक्ष मोहनराव वैतागले. "पुढाऱ्याला सायकलवर बसवता का बे? टायर फुटंल," म्हणाले. लोक हसले आणि शिल्पांचं सगळं काम रोहिणीच्या गळ्यात पडलं. ती गेवराईच्या शाळेत चित्रकला शिकवायची.

गळ्यात पडलं असं लोकांना वाटलं. खरं तर तिनेच ते ओढून घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला तिचा धाकटा भाऊ सुरज सायकलवरून परळीच्या वैजनाथाला निघाला, तो पोचलाच नाही. धारूरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, त्याची सायकल सापडली. स्टँडवर नीट उभी, कुलूप लावलेली, पाण्याची बाटली गच्च भरलेली. दरीत माणसं उतरवली, विहिरी उपसल्या, पण त्याची चप्पलसुद्धा मिळाली नाही. तेव्हापासून आई, साखराबाई, उमापूरच्या घराला कडी लावत नव्हती. आणि रोहिणीला भाऊ परत हवा होता. देवाने द्यावा, पोलिसांनी द्यावा, कुणीही द्यावा. घाटात हवं तेव्हा जायला एक कारण मिळालं, समितीचं तिला एवढंच अप्रूप.

तिसऱ्या वळणावरचं शिल्प तिने स्वतः रेखाटलं. चढ चढून दमलेला, सायकलला टेकून उभा असलेला एक तरुण. चेहरा तिने कोरा सोडला, पाथरवटाच्या हाताला येईल तसा. तोंड मात्र तिने परळीकडे न ठेवता मागे, उमापूरकडे वळवलं. समितीने रेखाटन मंजूर केलं, का वळवलं ते कुणी विचारलं नाही.

काम धारूरच्या आसाराम पाथरवटाला दिलं. साठीचा माणूस, सगळी हयात दळणाची जाती आणि पाटे घडवण्यात गेलेला. छिन्नी लावायच्या आधी, धूळ बसावी म्हणून त्याने वळणावर आणून ठेवलेल्या दगडावर घागरभर पाणी ओतलं. पाणी दगडावरून खाली आलंच नाही. बुडाची माती कोरडी ठणठणीत राहिली.

"लई तान्हेला दगड हाय," आसाराम म्हणाला.

"भुसभुशीत तर नाही ना, काका? बदलून घेऊ."

त्याने हातोडीने एक टोला दिला. दगड देवळातल्या घंटेसारखा वाजला. "भुसभुशीत दगूड आसा वाजत न्हाई, ताई," तो म्हणाला आणि दुसरी घागर आणायला गेला.

पंधरा दिवसांनी दोन्ही हात पुरे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"रोहे, आज सपनात सुरजचे हात दिसले गं. नुसते हात. सायकल धरल्यावानी."

आईला शिल्पाचा पत्ता नव्हता. तिला कळलं तर ती रोज घाटात येऊन बसेल, म्हणून रोहिणीने ते लपवलं होतं. योगायोग असतो, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात दगडात खांदे उमटले आणि आईला स्वप्नात खांदे दिसले. मग पाठ दिसली. मग रोहिणीने स्वतःला काही सांगायचं सोडून दिलं.

चेहरा झाला त्या दिवशी ती घाटात गेली आणि बघतच राहिली. उजव्या भुवईत एक तिरपी खाच होती. सुरज सहा वर्षांचा असताना बैलगाडीच्या जुवावर पडला होता, ती खाच.

"ही खूण तुम्हाला कुणी सांगितली?"

"कोन सांगंल? दगडात शीर व्हती. चुकवली, तर तिथं खाच पडली."

तिने भुवईवरून बोट फिरवलं. ऊन नुकतंच चढलं होतं, म्हणून दगड कोमट लागला असेल. तिला रडू आलं, आणि आसाराम दुसरीकडे बघत विडी शोधत राहिला.

मग पायाची गोष्ट निघाली. उजवा पाय मोकळा झाला होता, पण डावा घोट्यापासून खाली दगडातच होता. आसारामने हत्यारं धुवायला घेतली होती.

"हा राहिला ना, काका."

"ऱ्हायला न्हाई, ठिवला. वाटंकडं तोंड आसंल तर एक पाय दगडातच ठिवायचा. आमच्यात तसंच हाय. माज्या बापानं ठिवला, त्याच्या बापानं ठिवला."

"कशासाठी?"

"मोकळा केल्याला कुनी बगितलाच न्हाई, तर कशासाठी ते कसं सांगू?"

रोहिणीने तेव्हा फार ताणलं नाही. मोहनरावांचा फोन आला, रविवारी उद्घाटन, पाहुणे येणार, पाय अर्धा कावून? त्यांनाही तिने थोपवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आईचा फोन आला.

"आज समदा दिसला गं. दारात आलता. आई, पाय आडकलाय म्हनला. मी हाताला धरून वढलं, लई वढलं. न्हाई सुटला. माजं लेकरू तसंच हुबं हाय, रोहे."

रोहिणी पहिल्या एसटीने धारूरच्या घाटात गेली. तिने आसारामचे पाय धरले. तो मागे सरकला.

"म्या न्हाई करनार. समितीला सांगा, काम न्हाई पटलं. पर छिन्नी न्हाई लावनार."

तो उतारावरून निघून गेला. हत्यारं तिथेच राहिली.

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रोहिणीने ओढणी कमरेला बांधली आणि छिन्नी उचलली. आपण शहाण्या आहोत, शिकलेल्या आहोत, हे सगळं तिला आठवत होतं. आठवत असतानाच ती ठोकत होती. हातांना फोड आले, फुटले. टाच सुटली, तळवा सुटला. शेवटच्या घावाला छिन्नी घसरली आणि दगडी पायाच्या करंगळीचा तुकडा उडून गवतात पडला.

पाय मोकळा झाला होता.

काहीच घडलं नाही. दगड होता तिथेच होता. ती त्याच्यासमोर बसून राहिली, आणि इतकं रिकामं तिला सायकल सापडली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

चार वाजता फोन वाजला.

"रोहे, सुरज आला." आई हसत होती. "दारात हुबा हाय. चालत आला. लई वाळलाय. बोलत न्हाई काई."

रोहिणीने फोन कानाशी घट्ट दाबला.

"डाव्या पायाची करंगळी गेली गं त्याची. रगात न्हाई, काई न्हाई. लिंबाचा पाला घालून पायावर पानी वतायले, तर वटा कोरडाच. दोन घागरी झाल्या. पानी जातंय कुटं?"

रोहिणीने मान वर केली. मूर्तीच्या डाव्या पायाखालची माती ओली होती.

"आई," ती म्हणाली, "आणखी एक ओत."

फोनमध्ये पाणी ओतल्याचा आवाज आला.

तिच्यासमोर, दगडी टाचेखालून, पाण्याची धार निघाली आणि उताराला लागली. धारेत कडुलिंबाचं एक हिरवं पान होतं. त्या वळणावर बाभळी होत्या, बोरी होत्या. लिंब नव्हता.

"आत घिऊ ना गं त्याला?" आईने विचारलं. "तू म्हनशील तसं."

पान तिच्या चपलेला येऊन टेकलं. तिला सगळं सांगता आलं असतं. दोन वर्षं तिने ज्या एका गोष्टीसाठी नवस केले, ती दारात उभी होती.

"घे," ती म्हणाली.

आई कुणाला तरी 'ये माज्या बाळा' म्हणाली. मग दगडी जातं सरकवल्यासारखा एक जड आवाज आला, तो उंबऱ्यावरून आत गेला. आणि त्यामागून आईने, दोन वर्षांत पहिल्यांदा, आतून कडी लावली.