खड्ड्यातली राख

भांडी घासायला राख आणायची, एवढंच काम होतं. दुपारचे तीन वाजले असतील. माझी लेक चंदा झोळीत निजली होती आणि मी डालड्याचा रिकामा डबा घेऊन दवाखान्यामागच्या खड्ड्याकडे निघाले. रोजचंच होतं ते.

आधी जागा सांगते. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, सागाच्या जंगलाला लागून एक लहानसा दवाखाना होता. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं नोकरीला आहेत. चंदाचे बाबा तिथं सफाईचं काम करायचे. मागे दोन क्वार्टर, एक आमचं, एक गिरजाबाई नर्सचं. त्यांच्यापासून वीस पावलांवर खड्डा. रक्ताच्या पट्ट्या, कापूस, रबरी हातमोजे, सलाईनच्या नळ्या, बाळंतिणीच्या खाटेखालचं सारं त्यात जायचं. दुपारी चंदाचे बाबा वरून रॉकेल ओतायचे आणि पेटवून द्यायचे.

धूर पिवळट असायचा. केस जळाल्याचा वास, त्यात रबराचा, आणि त्याच्याही खाली काहीतरी गोडसर... जेवताना तो घासात यायचा. खड्ड्याजवळ मोहाचं एक झाड होतं. त्याची अर्धी बाजू हिरवी, खड्ड्याकडची अर्धी उघडी. चंदाची दुपटी दोरीवरून काढली की त्यांवर काळे ठिपके.

चंदा तेव्हा आठ महिन्यांची. धूर उठला की तिला खोकला लागायचा. दोन लहान, मग एक लांब, शिटीसारखा.

"धुरानं होत असंल का जी?" मी गिरजाबाईंना एकदा विचारलं.

त्या हसल्या. "अवं कांता, दवाखान्याचा धूर हाय तो. त्यानं जंतू मरतेत. तू उगी भेऊन राह्यली."

त्यांनी लाल औषधाची बाटली दिली. बाटली संपली, खोकला नाही संपला. चंदाच्या बाबांचे डोळे तर बारा महिने लालच. रात्री तेही खोकायचे, पण पाठ फिरवून, मला दिसू नये म्हणून.

राख मात्र फार चांगली निघायची. चुलीच्या राखेत कोळसा येतो. ही पिठासारखी, पांढरी. पितळ असं लख्ख व्हायचं की त्यात तोंड पाहावं. चंदाची दुधाची वाटी मी त्या राखेनंच घासायचे. आगीतून निघालं ते चोख झालं, असंच आम्ही समजायचो. वाचणाऱ्यानं मला काय म्हणायचं ते म्हणावं.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. चिमूरकडे ऑपरेशनचं शिबिर लागलं. डॉक्टर, गिरजाबाई, चंदाचे बाबा, सारे जीपमध्ये बसून पाच दिवसांसाठी गेले. वॉर्डात एकही पेशंट नाही. दाराला कुलूप, आणि मागे मी आणि माझं लेकरू.

"क्वार्टर सोडून कुठी जाऊ नको," चंदाचे बाबा निघताना म्हणाले. "सामानाची जिम्मेदारी आपल्यावर हाय. आन भूत आलंच तर सांग, साहेब कॅम्पले गेले, सोमवारी ये."

मी हसले. माझे वडील छप्पन सालच्या दीक्षेतले. आमच्या घरात भुताखेतांचं बोललं की मार मिळायचा.

ते गेले आणि खड्डा पेटायचा थांबला. पण वास थांबला नाही. पहिले दोन दिवस मी दार लावून बसले. बोलायला कुणी नाही. सागाचं मोठं पान अंगणात पडलं तरी दचकायचे.

तिसऱ्या दिवशी राख संपली, म्हणून डबा घेऊन गेले. खड्ड्यात वाकले आणि हात घातला. राख गरम होती. तीन दिवस काडी लागली नव्हती, तरी कुणाच्या तरी अंगासारखी गरम.

आणि राखेतून खोकला आला.

दोन लहान... मग एक लांब, शिटीसारखा.

मी डबा टाकून पळाले. चंदा झोळीत डोळे उघडे ठेवून शांत पडली होती. खोकत नव्हती. छातीला कान लावला, घरघर नाही. मला, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. पोरीचा खोकला गेला म्हणून मी रडले.

पण दुसऱ्या दिवशी ती भुकेनंही रडली नाही. छातीशी धरली तर तोंड लावीना. हातपाय थंड. माझ्याकडे बघायची, पण फार लांबून बघितल्यासारखी. आणि मागच्या बाजूनं, दार लावलेलं असूनही, दोन लहान, एक लांब...

त्याच दुपारी बुधरी आली. जवळच्या पाड्यावरची म्हातारी सुईण, बोरं विकत फिरायची. तिला पाहून मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हातच धरला.

"काऊन वं, हात काऊन सोडत नाई?" म्हणत ती आत आली. चंदाचे तळवे तिनं आपल्या गालाला लावले. मग हळूच विचारलं, "पोरीची वार कुठी पुरली?"

बाळामागून पडते ती वार. आमच्याकडे ती मडक्यात घालून दाराशी पुरतात. माझ्या आईनं आम्हा चौघांची पुरली होती.

"इथीच झाली ना बाई ही, दवाखान्यात," मी म्हटलं.

"मंग?"

बाळंतिणीच्या खाटेखालचं सारं कुठे जातं ते मला ठाऊक होतं. कोण पेटवतो तेही. आठ महिने हा विचार मी मनात येऊ दिला नव्हता.

"जाळली..."

बुधरीला मी वाटीत पाणी दिलं होतं. तिनं वाटी उन्हाकडे धरली. "कायनं घासते? लई चमकून राह्यली."

मी खड्ड्याकडे बोट केलं. तिनं पाणी न पिता वाटी खाली ठेवली.

"दाराशी पुरली का लेकरू आपलं घर ओळखते," ती म्हणाली. "हिनं तो खड्डा ओळखला. घेऊन जा हिले आईकडं. आजच जा. आन हे भांडं नको नेऊ."

बोरांची टोपली उचलून ती निघाली. "तू चाल ना फाट्यावरी," मी म्हटलं.

"मी त्या खड्ड्याजवळून नाई येत," ती म्हणाली आणि जंगलाच्या वाटेनं गेली.

फाट्यावर चारची गाडी होती आणि फाट्याची वाट खड्ड्याजवळूनच. कुलूप लावलं, चंदाला खांद्यावर घेतलं. ती कोरड्या लाकडासारखी हलकी लागली. खड्ड्याशी आले तसा खोकला आतून आला, मोठ्यानं, मला हाक दिल्यासारखा. माझे पाय थांबले. पोरगी जर तिथं खोकते आहे, तर मी खांद्यावर काय घेऊन चालले आहे?

मी खाली बसले. मूठभर गरम राख पदरात घेतली, गाठ मारली आणि म्हटलं, "चाल चंदा, घरी चाल."

गाडीत बसेपर्यंत मागे पाहिलं नाही.

माहेरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पदराची गाठ दाखवून मी 'चंदाची वार' एवढंच म्हटलं; आई, मीराबाई तिचं नाव, पुढं काही न विचारता कुदळ घेऊन आली. आम्ही ती राख मडक्यात घालून उंबऱ्याशी पुरली. वरची माती दाबली आणि घरातून चंदा रडली. मग खोकली. दोन लहान, एक लांब. मी तिथंच मातीत बसून हसत होते.

मी परत गेले नाही. चंदाचे बाबा अजून तिथंच आहेत, रविवारी येतात. त्यांचे कपडे मी वेगळे धुते.

चंदा आता पाच वर्षांची आहे. खोकला पुरता गेला नाही, रोज सकाळी थोडा येतो. तो ऐकल्याशिवाय मी चूल पेटवत नाही.

पण एक गोष्ट आईलाही सांगितली नाही. त्या मुठीत एकट्या चंदाचं कुठे होतं? किती जणांचं रक्त, किती बाळंतिणींची वार तिथं जळली होती. दुपारी तीनला उंबऱ्याजवळ बसलं की खालून आवाज येतात. एक म्हातारा खाकरतो. एक बाई दम लागल्यासारखी श्वास ओढते. ज्यांना मी बोलावलं नव्हतं, तेही त्या मुठीसोबत घरी आले. मी रोज बसते. त्यांच्यात शिटीसारखा खोकला नाही ना, एवढंच ऐकते, आणि उठते.

आज सकाळपासून चंदा खोकली नाही. खाटेवर डोळे उघडे ठेवून शांत पडली आहे.

तीन वाजले आहेत. आईनं दोनदा विचारलं, आज दाराशी काऊन नाई बसली वं?